टाचेचा खळगा

फेंगड्याचा पाय कापला त्या आठवड्यात त्याच्या अंगणात अकरा दगड पडून होते. गुरांना पाणी पाजायच्या सात कुंड्या, तीन पायऱ्या आणि एक उंबरा. सगळे सांगून ठेवलेले, कुणाला कधी द्यायचा तेही ठरलेलं. उन्हाळा हीच पाथरवटाची सुगी. शेतं मोकळी झाली की लोकांना घरं आठवतात, आणि पाऊस लागला की खाणीची वाट चिखलात बुडते. चार महिन्यांत हात चालतील तेवढे चालवायचे आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचे, असा त्या घराचा सव्वीस वर्षांचा रिवाज होता.

फेंगडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. डावा पाय गुडघ्याखाली आत वळलेला, तळवा जमिनीकडे बघायचा सोडून उजव्या पायाकडे बघत असायचा. जन्मापासून तसाच. गावाने पाळण्यातच नाव ठेवून टाकलं आणि तो त्या नावाला ओ देत मोठा झाला.

पण सगळं घर उभं होतं ते त्याच पायावर. इतर पाथरवटांना दगड धरायला दुसरा माणूस लागतो, नाहीतर चारही बाजूंनी पाचरी ठोकाव्या लागतात, आणि दहा घाव बसले की त्या ढिल्या होतात. फेंगडा बुटक्या पाटावर बसायचा. जमिनीत पुरलेल्या एका काळ्या दगडाला डावी टाच टेकवायचा आणि तो आत वळलेला तळवा समोरच्या दगडावर दाबून धरायचा. मग दगडाची हलायची काय बिशाद. दोन्ही हात मोकळे, एकात छिन्नी, एकात हातोडा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. सरळ पायाच्या माणसाला ते जमायचंच नाही. त्याच्या मेहुण्याने एकदा पैज लावून बसून बघितलं आणि दोन दिवस कंबर शेकत घरी पडला.

खाणीतून दगड आणणं, पहारीने सरकवणं, कोरून झाला की घासून गुळगुळीत करणं ही कामं पाथरवटिणीची, म्हणजे त्याच्या बायकोची. हात दगडासारखे आणि जीभ छिन्नीसारखी. गावात म्हणायचे, फेंगडा दगड फोडतो आणि त्याची बायको माणसं.

त्या दिवशी आठवा दगड गाडीवरून उतरवताना निसटला आणि फेंगड्याच्या डाव्या नडगीवर आला. फार नाही, कडेने घासून गेला. पण पाय टेकवेना, म्हणून तिने त्याला बाजाराच्या गावातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. फोटो काढला. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टर म्हणाला सहा आठवडे, मग पहिल्यासारखं चालाल. इथवर सगळं ठीक होतं.

मग त्याने ते वाकडं पाऊल हातात घेतलं आणि कुंभार माती वळवतो तसा बाहेरच्या बाजूला वळवायला लागला. फेंगडा ओरडला. पाथरवटीण पुढे झाली आणि म्हणाली की डॉक्टर, तो जन्माचाच तसा आहे, आहे तसाच बांधा. डॉक्टर हसला.

"आलाच आहात तर सरळही करून टाकू. प्लास्टरला पैसे तेवढेच लागतात."

पाऊल ओढून सरळ धरून त्याने बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं आणि तीन दिवस दवाखान्यात राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं गार पडली होती. तिने नर्सला सांगितलं. दुपारी ती निळी झाली. तिने डॉक्टरला जिन्यात गाठून सांगितलं. त्याने खोलीत यायचीही तसदी घेतली नाही.

"अहो, असल्या पायात रक्त मुळात कमीच असतं. जन्माचा अधू आहे तो. गार लागणारच."

तिला काय कळत होतं. सव्वीस वर्षं रोज रात्री त्या पायाला ती तेल लावत होती, आणि तो पाय कधी गार लागला नव्हता. उलट थंडीत ती आपले गार हात त्या पायावर शेकायची. पण समोरचा शिकलेला होता, आणि शिकलेल्या माणसापुढे आपल्या तळहाताला काय कळतं असं म्हणून ती गप्प बसली. आयुष्यात एकदाच गप्प बसली आणि तेच अंगाशी आलं. तिसऱ्या दिवशी फेंगड्याने ओरडणं बंद केलं. तेव्हा तिला बरं वाटलं, की दुखायचं थांबलं. थोड्या वेळाने वास यायला लागला.

मोठ्या दवाखान्यात प्लास्टर कापलं तेव्हा आत पाय नव्हताच, पायाच्या आकाराचं काहीतरी काळं होतं. मांडीच्या मध्यावर कापावा लागला. तिथल्या डॉक्टरने कागदावर स्वच्छ लिहिलं की घट्ट प्लास्टरने रक्त अडलं. तो कागद घेऊनच पुढे तक्रार झाली.

*

जखम भरली तशी फेंगडा पाटावर जाऊन बसला. नको म्हटलं तरी बसला. कुबडी भिंतीला टेकवली, अर्धवट कुंडी समोर ओढून घेतली, छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला. दगड टुणकन बाजूला सरकला. पाचरी ठोकल्या. पाचव्या घावाला तो पुन्हा सरकला. वाळूची पोती लावून पाहिली, दोराने खुंटाला बांधून पाहिलं. दगड बांधला की बसायचा तोल जायचा, कारण एका मांडीवर माणूस किती वेळ तोल धरणार. संध्याकाळपर्यंत त्याने एरवी तासात होतं तेवढं काम केलं आणि तेही वाकडं. कुंडीच्या काठाचा मोठा टवका उडाला. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून टवका उडाला नव्हता. त्याने तो टवका उचलून पुन्हा जागेवर बसवून बघितला, लहान मूल फुटलेली बशी जोडून बघतं तसा.

मग ती बसली. त्याच्यासमोर बसून दोन्ही पायांनी दगड दाबून धरायचा आणि त्याने घाव घालायचे. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी छिन्नी निसटली आणि तिच्या अंगठ्याच्या नखातून गेली. तिने चिंधी गुंडाळली आणि पाय परत दगडावर ठेवला. पण फेंगड्याचा हात उचलेना. हातोडा खाली ठेवून तो म्हणाला, "तुझ्या पायावर मला घाव घालता येत नाही."

"मग दगडावर घाला की."

"दगड दिसतच नाही. तुझाच पाय दिसतो."

लोक भले होते, चार आठवडे थांबले. मग एकेक जण येऊन आपापला दगड घेऊन गेला. कुणी गाडी आणली, कुणी दोन माणसं आणली. सगळे हळहळत होते आणि हळहळत हळहळत दगड गाडीत चढवत होते. उंबऱ्यावाला तर जाताना म्हणाला की चला, निदान हात तरी शाबूत आहेत. पाथरवटिणीने त्याला विचारलं की बाबा, तुझ्या बैलगाडीची चाकं गेली आणि जू तेवढं शाबूत राहिलं, तर हा दगड तू कशातून नेशील? त्यानंतर त्या घरासमोर कुणी हळहळायला थांबलं नाही.

सासूबाई ओसरीवर बसून हे सगळं बघायच्या. ऐकू कमी यायचं, दिसायचं मात्र लख्ख. सरकणारा दगड बघून एकदाच म्हणाल्या, "मी पाय दिला होता त्याला. वाकडा का होईना, पण पुरा दिला होता."

*

तक्रारीला दीड वर्ष लागलं. ग्राहक आयोगाची कचेरी जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती आणि जिन्याच्या एकोणतीस पायऱ्या फेंगड्याला बसून, हातांवर अंग उचलत चढाव्या लागायच्या. आत एका उंच टेबलामागे तीन खुर्च्या, डोक्यावर करकरणारा पंखा, आणि भिंतीला लागून फायलींनी ठासलेली कपाटं. कोपऱ्यातल्या कपाटाचा एक पाय मोडलेला होता, त्याखाली कारकुनाने जुन्या रजिस्टरांची थप्पी सारली होती. तारखेला येऊन बसणाऱ्यांना बघायला दुसरं काही नसल्याने ते कपाट पाथरवटिणीला तोंडपाठ झालं होतं.

डॉक्टरची चूक झाली हे आयोगाने आधीच मान्य केलं होतं. आता राहिला होता तो एवढाच प्रश्न, की गेलेल्या पायाचं मोल काय धरायचं. त्यांची वकीलबाई तरुण होती, फी अर्धीच घेत होती आणि जीव तोडून बोलत होती. ती म्हणाली होती की भरपाई नीट मिळाली तर दगड कापायचं यंत्र आणि तो पकडायचा मोठा शिकंजा येईल. शिकंज्यात दगड गच्च बसतो. माणूस खुर्चीवर बसूनही काम करू शकतो. फेंगड्याने त्या शिकंज्याचं चित्र एका जाहिरातीतून फाडून खिशात ठेवलं होतं. घडी पडून पडून ते मधोमध विरलं होतं.

त्या दिवशी दवाखान्याचा वकील उठला. माणूस गोड बोलणारा होता. त्याने एक कागद पुढे केला आणि म्हणाला की हा अकरा वर्षांपूर्वीचा सरकारी दाखला आहे, तक्रारदाराने स्वतः अर्ज करून घेतलेला. डाव्या पायाचं अपंगत्व साठ टक्के. म्हणजे माझ्या अशिलाच्या हातात पाय आला तेव्हा त्यातला चाळीस टक्केच पाय शिल्लक होता. भरपाई द्यायची तर ती चाळीस टक्क्यांची. जे आधीच गेलं होतं ते डॉक्टरने कुठून घालवावं?

पाथरवटिणीने मान खाली घातली. कारण तो दाखला तिनेच काढायला लावला होता.

*

तिचा धाकटा भाऊ बसमध्ये कंडक्टर होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच सुचवलं की दाजींचा पाय असा आहे तर दाखला काढा, बसचं भाडं माफ होईल. चाळीसच्या वर टक्के मिळाले तर पास, खाली मिळाले तर काही नाही. "जरा जास्त लंगडायचं, ताई. सगळेच लंगडतात. तिथे रांगेत बघशील, धडधाकट माणसंसुद्धा लंगडत असतात."

तिने आदल्या दिवशी अंगणात तालीम घेतली. पाय उचला म्हणाले तर उचलायचा नाही. दाबा म्हणाले तर दाबायचा नाही. फेंगड्याला खोटं बोलता यायचं नाही, तो सारखा हसायचा, आणि सासूबाई ओसरीवरून म्हणायच्या की याला नाटकात कोण घेणार. तरी त्याने जमवलं. मोजणाऱ्या डॉक्टरने त्या तळव्याखाली हात ठेवून दाब म्हटलं, तेव्हा दगड धरणारा तो तळवा त्याने मेलेल्या माशासारखा पडू दिला. साठ टक्के. परत येताना भावाच्याच बसमध्ये फेंगडा तो दाखला दाखवून पहिल्या बाकावर फुकट बसला आणि तिघं पोट दुखेपर्यंत हसले. त्या पासावर पुढे अकरा वर्षांत तो वर्षातून चार-पाच वेळा बसला असेल. छिन्न्यांना पाणी द्यायला, म्हणजे तापवून टोकं कडक करून घ्यायला, लोहाराकडे जायचा, नाहीतर सासुरवाडीला.

एवढ्याशा फुकट प्रवासासाठी घातलेली ती दोरी आता गळ्याला लागली होती.

वकीलबाईने बाहेर आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाली की आता गप्प बसा. दाखल्यावर भांडू नका. मोजणारा चुकला असेल एवढंच म्हणू आपण. तुम्ही फसवलं असं कबूल केलंत तर तुमचं बाकीचं बोलणंही खोटं ठरेल. संध्याकाळी भाऊही घरी आला, गणवेशातच. चहासुद्धा न घेता म्हणाला, "ताई, माझं नाव निघालं तर नोकरी जाईल. दोन लेकरं आहेत मला."

"तुझं नाव नाही काढणार. पण पाय चाळीस टक्के होता असंही मी म्हणणार नाही."

"मग काय म्हणणार?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की त्या गोडबोल्याने नवऱ्याचा पाय दुसऱ्यांदा कापला आहे, आणि या वेळी सुरी तिनेच नेऊन दिली आहे. अंगाची लाही लाही होत होती. कुणावर ओरडावं ते कळेना म्हणून तिने दारातली बादली लाथाडली आणि मग तीच उचलून पाणी भरायला गेली.

*

पाऊस येऊन गेला होता. सकाळी ती अंगण झाडत होती तेव्हा पाटासमोर एक चिमणी उतरली. काळ्या दगडावर बसली, मान खाली घातली आणि पाणी प्यायली. पाथरवटीण झाडू धरून तशीच उभी राहिली. सपाट दगडावर पाणी साचलंच कसं?

ती वाकली. टाच टेकवायच्या त्या पुरलेल्या दगडावर वाटीएवढा खळगा पडला होता. एका बाजूला कलता, आत गुळगुळीत, हातोड्याचा नव्हे की छिन्नीचा नव्हे. दगडाची खरखरीत कच पडायची, तिच्यावर टाच दाबायची, आणि दर घावाला ती टाच कणभर घासायची. सव्वीस वर्षं घासली. रोज ती हा दगड झाडत होती आणि रोज त्याच्यावरून नजर निसटत होती. तिने खळग्यात बोट फिरवलं. मग नवऱ्याला हाक मारली.

फेंगडा कुबडीवर आला, बघत राहिला आणि म्हणाला, "अरेच्चा. मला वाटायचं टाच तिथे आपोआप बसते."

"साठ टक्के मेलेल्या पायाने काळा दगड झिजवलात तुम्ही."

तिने पहार आणली. दगड खोल पुरलेला होता, सगळी सकाळ गेली. खालची बाजू ओबडधोबड, वजन दोन भरलेल्या घागरींएवढं. डोक्यावर चुंबळ ठेवून तिने तो उचलून बघितला. मान धरत होती, पण जमत होतं.

तारखेच्या दिवशी ती भावाच्याच बसमध्ये चढली. भावाने दगड बघितला, बहिणीचं तोंड बघितलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. फेंगड्याने खिशातून पास काढला, जरा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. म्हणाला, "मलाही तिकीट दे. पुरं."

*

टेबलावर ठेवू देईनात म्हणून तिने दगड टेबलासमोर जमिनीवर ठेवला. दवाखान्याचा वकील म्हणाला की पुराव्यांच्या यादीत दगड नाही. मोठे साहेब, म्हणजे मधल्या खुर्चीतले अध्यक्ष, म्हणाले की हे काय आहे ते आधी कळू द्या.

वकीलबाईने फेंगड्याला खूण केली की जपून. फेंगडा कुबडीवर उभा राहिला.

"साहेब, अकरा वर्षांपूर्वी मी खोटं लंगडलो. पाय दाबता येत होता, दाबला नाही. पासासाठी."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे सरकारी डॉक्टरला तुम्ही फसवलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"मी शिकवलं त्यांना," पाथरवटीण म्हणाली. "त्यांना येत नव्हतं. त्याची काय सजा असेल ती मला द्या. पण हा दगड बघा. माझ्या नवऱ्याची टाच सव्वीस वर्षं इथे टेकत होती."

अध्यक्ष खुर्चीतून उठले. वयस्कर माणूस होता, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि खळग्यात बोटं घालून बघितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं की हे करून दाखवता येईल का, कसं बसायचात ते?

"नाही," फेंगडा म्हणाला. "दाखवायला पाय लागतो."

दवाखान्याचा वकील पटकन म्हणाला की सहानुभूती आपल्या जागी आहे, पण पाय वाकडा होता हे तर खरं? जन्मतः सदोष होता हे तर खरं? सदोष वस्तूला निर्दोष वस्तूचा भाव कसा लावायचा?

तेव्हा वकीलबाई उठली. इतका वेळ ती जपून बोलत होती, आता तिचाही ताबा सुटला. ती म्हणाली की साहेब, आंधळ्याची काठी कुणी मोडली तर लाकडाचा भाव लावून मोकळं व्हायचं का? दवाखान्यात माणूस जसा येतो तसाच तो हातात घ्यावा लागतो. अधू आला म्हणून त्याला आणखी अधू करणं स्वस्त पडत नाही. या माणसाचा पाय चालायला कमी होता, कामाला नव्हता, आणि गेलं ते काम आहे.

पाथरवटिणीला तेवढं नीट बोलता येत नव्हतं. पण दीड वर्ष घशात अडकलेलं एक वाक्य होतं, ते तिने डॉक्टरकडे बघून टाकलं. तो शेवटच्या बाकावर मोबाईल बघत बसला होता.

"बोटं निळी पडली तेव्हा तुम्ही म्हणालात, पाय अधू आहे म्हणून गार आहे. आता म्हणता, पाय अधू होता म्हणून स्वस्त आहे. एकाच वाकडेपणावर माणसाने किती वेळा सुटायचं?"

डॉक्टरने मोबाईल खिशात ठेवला. अध्यक्षांनी दगड ठेवून घ्या म्हणून कारकुनाला सांगितलं, त्यावर चिकटवायला एक कागदी पट्टी आणि नंबर दिला, आणि निकालाची तारीख पडली.

*

निकाल दोन महिन्यांनी आला. वकीलबाईने कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसून वाचून दाखवला. आधी आवाज बरा होता, मग उतरत गेला. लिहिलं होतं की दगडावरून पायाचा वापर होता असं दिसतं, परंतु किती ते मोजता येत नाही. तक्रारदाराने पूर्वी फसवणूक केल्याचं स्वतःच कबूल केल्यामुळे त्याच्या सांगण्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही. सबब पूर्वीचं अपंगत्व साठऐवजी पन्नास टक्के धरून भरपाईतून निम्मी रक्कम वजा करण्यात येत आहे. तसंच सदर दाखला खोट्या माहितीवर मिळवलेला असल्याने तो रद्द करावा, असं संबंधित कचेरीला कळवण्यात येत आहे.

पाथरवटिणीने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे दाखला खोटा?"

"हो."

"मग त्याचं वजा कसलं केलं?"

वकीलबाईने निकालाच्या कागदाची घडी घातली. ती शिकली होती, कायदा जाणत होती, पण या प्रश्नाचं उत्तर तिच्या पुस्तकात नसावं. मग म्हणाली की वर अपील करता येतं. दोन-तीन वर्षं लागतील. मी फी घेणार नाही.

"करा," पाथरवटीण म्हणाली. "वीस वर्षं लागली तरी करा."

फेंगड्याने खिशातलं ते विरलेलं चित्र काढलं. निम्म्या पैशांत यंत्र येत होतं, शिकंजा येत नव्हता. शिकंज्याशिवाय यंत्र म्हणजे पुन्हा सरकणारा दगड. त्याने चित्राची घडी घातली, अर्धं फाडलं नाही की टाकलं नाही, परत खिशात ठेवलं. मग विचारलं की आता मला नवा दाखला काढावा लागेल का? वकीलबाई म्हणाली, लागेल. परत मोजतील. फेंगडा हसला. त्या दीड-दोन वर्षांत पहिल्यांदा हसला, आणि ते हसणं बायकोला बघवलं नाही. "या वेळी तालीम नको," तो म्हणाला.

ती उठली आणि दगड आणायला आत गेली.

दुपारची वेळ होती. तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. कारकून टेबलाशी बसून डबा खात होता. तिने दगड मागितला. तो म्हणाला की अर्ज करा, मग बघू. ती इकडेतिकडे बघत होती, आणि तिला तो दिसला. कोपऱ्यातल्या मोडक्या पायाच्या कपाटाखाली. रजिस्टरांची थप्पी काढून तिथे दगड सारला होता, नंबराची पट्टी अजून चिकटलेली, आणि कपाटाचा तुटका खुंट नेमका टाचेच्या खळग्यात बसवला होता. बसला होताही छान. कपाट कधी नव्हे ते सरळ उभं होतं.

रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संतापच. डोक्यात तिडीक गेली. ती खाली बसली, एका खांद्याने कपाट रेटलं आणि दोन्ही हातांनी दगड बाहेर ओढला. आयुष्यभर हेच काम केलेली बाई ती. कपाट करकरलं, एका अंगावर कललं, दार उघडलं आणि फायलींचा ढीग भसाभस जमिनीवर आला. लाल दोऱ्या, पिवळे कागद, कुणाकुणाचे हात, पाय, डोळे, पोटं, सगळी टक्केवारी.

कारकून हातातला घास तसाच धरून उभा राहिला.

"अहो बाई, काय केलंत हे? कपाट मोडलंत सरकारी. भरून द्यावं लागेल."

तिने चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

"आधीपासूनच अधू होतं ते," ती म्हणाली. "निम्मं वजा धरा."

आणि दगड उचलून ती बाहेर पडली. जिन्याच्या एकोणतीस पायऱ्यांवर फेंगडा बसत बसत खाली उतरत होता. ती त्याच्या पुढे झाली नाही. डोक्यावर दगड घेऊन, त्याच्या मागे, एकेक पायरी थांबत उतरली.